रक्तातील चरबी येते कुठून?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



या व्याख्यानमालेत कथा, कविता, नाटक आणि संतसाहित्य या विषयांवर बोलणारी थोर मंडळी येऊन गेली. त्यांच्यामागून एका निवृत्त प्रयोगशाळावाल्याने येऊन चरबीवर बोलावे, हे जरा विसंगत वाटेल. कार्यवाहांनी निमंत्रण दिले तेव्हा मीही तसेच म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, आपले निम्मे सभासद पुस्तक बदलून झाले की बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांचे रक्ताचे रिपोर्ट वाचतात. त्या वाङ्मयावरही कुणीतरी बोलायला नको का?" हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून मी येथे उभा आहे.

आपल्या गोव्यात हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४ निघाले. सर्व राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा लागला आणि तेथे हे प्रमाण होते शेकडा २६.४. म्हणजे चार प्रौढ गोवेकर ओळीने उभे केले, तर सरासरीने त्यांतील एकाला मधुमेह असावयाचा. पहिला क्रमांक मिळूनही ज्याचे पेढे वाटता येत नाहीत, अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक. पेढे वाटले असते तर प्रमाण आणखी वाढले असते, हा भाग वेगळा.

आजच्या विषयाचे मूळ मात्र पाहणीत नाही, ते माझ्या घरात आहे. माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सारे माई म्हणत असू. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी तिच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. ते त्यातून बचावले. मी त्या वेळी नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती आणि नव्या डॉक्टराला असतो तेवढा आत्मविश्वास मला होता. मी माईच्या स्वयंपाकघरात उभा राहून हुकूम सोडला, "आजपासून नारळ बंद, तूप बंद, दुधावरची साय बंद. ही सगळी संपृक्त चरबी. ती खाल्ली की ती रक्तात जाते."

माईने तो हुकूम अक्षरशः पाळला. भातावरची तुपाची धार गेली, हुमणातला नारळ गेला. पण माणसाचे पोट काही रिकामे राहत नाही. तुपावाचून भात घशाखाली उतरत नाही, म्हणून आमटी वाढली आणि आमटीबरोबर भातही वाढला. सकाळी एका पावाचे दोन पाव झाले. चहाबरोबर "यात तूप नाही" अशा समाधानाने बिस्किटे आली. उपासाला खोबरे वर्ज्य म्हणून साबुदाणा दुप्पट झाला. आठेक वर्षांनी तिचे रक्त माझ्याच प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा ट्रायग्लिसराइड नावाची चरबी भलतीच वाढलेली होती आणि साखरही सीमा ओलांडून गेली होती. मी रिपोर्ट हातात घेऊन विचारले, "माई, तू चोरून तूप खातेस की काय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "अरे, आठ वर्षं घरात तुपाचं भांडं नाही. मी खाल्लंच नाही, तर ही चरबी येते कुठून?"

मी आनुवंशिकतेबद्दल काहीतरी पुटपुटलो आणि विषय संपवला. तिचा प्रश्न मात्र संपला नव्हता. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे, फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी "संपृक्त" म्हणजे काय ते पाहू. तेल, तूप, लोणी, चरबी ही सर्व मुख्यत्वे मेदाम्लांची बनलेली असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या मण्यांची एक माळ. प्रत्येक कार्बनला चार हात असतात. दोन हातांनी तो शेजारच्या दोन मण्यांना धरतो आणि उरलेल्या दोन हातांत हायड्रोजन धरतो. माळेतील सर्व मण्यांचे हात असे भरलेले असले, कुठेही जागा रिकामी नसली, की ते मेदाम्ल संपृक्त. अशा माळा सरळ असतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि म्हणून थिजतात. डिसेंबरातल्या पहाटे खोबरेलाची बाटली थिजलेली आपण पाहतो, ती याच कारणाने.

तेव्हा "संपृक्त" हा शब्द माळेच्या घडणीविषयी सांगतो. माळेची लांबी तो सांगत नाही. लोण्यातल्या ब्युटिरिक आम्लात अवघे ४ मणी असतात. नारळातल्या लॉरिक आम्लात १२, पामतेलात विपुल असणाऱ्या पामिटिक आम्लात १६, कोकोच्या लोण्यातल्या स्टिअरिक आम्लात १८. पुढे ही माळ २०, २२, २४ मण्यांपर्यंत जाते. ही सारी भावंडे एकाच आडनावाची आहेत. परंतु आडनाव एक म्हणून स्वभावही एक, असे आपण माणसांच्या बाबतीत म्हणतो का? ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर, एका कपाटावर "संपृक्त" अशी चिठ्ठी लावून आम्ही ते कुलूपबंद केले आणि आत कोणकोणती पुस्तके आहेत, हे पाहायचे राहूनच गेले.

हे कपाट प्रथम उघडणारा माणूस होता फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रूल. १७८६ साली जन्मलेला हा गृहस्थ १०२ वर्षे जगला. १८११ साली साबणाचा एक नमुना त्याच्याकडे तपासणीसाठी आला. त्यातून मोत्यासारखी चकाकणारी वडी निघाली. मोत्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने तिला मार्गारिक आम्ल असे नाव दिले. आपल्याकडे मार्गारिडा हे नाव ऐकू येते, त्याचेही मूळ तेच आणि मार्गारिन या कृत्रिम लोण्याचे नावही तेथूनच आले. पुढे १८५० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइन्ट्स याने दाखवून दिले, की हे मार्गारिक आम्ल म्हणजे १६ आणि १८ कार्बनच्या दोन आम्लांचे मिश्रण आहे. १७ कार्बनचे नाव तेवढे शिल्लक राहिले. निसर्गातील मेदाम्लांत कार्बनची संख्या समच असते, असा समज पुढे दीर्घकाळ रुळला.

सम संख्येचे कारण शरीराच्या कारखान्यात आहे. आपले यकृत मेदाम्ल घडवते तेव्हा दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत जाते. दोनाचे चार, चाराचे सहा, असे करत माळ १६ ला पोचली की यंत्र तिला सोडून देते. म्हणजे आपल्या शरीरात घडलेल्या चरबीचा पहिला मोठा माल म्हणजे १६ कार्बनचे पामिटिक आम्ल. आता महत्त्वाचा मुद्दा असा, की हे दोन कार्बनचे तुकडे येतात प्रामुख्याने साखरेपासून आणि पिष्टापासून. भात, पाव, साबुदाणा, बिस्किट, गूळ यांतून आलेली साखर शरीराच्या तात्कालिक गरजेपेक्षा आणि साठवणीच्या जागेपेक्षा जास्त झाली, की यकृत तिची चरबी करू लागते. मद्याची वाटही यकृतात याच वळणाने जाते. हे सारे माझ्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात छापलेले होते. मी त्यावर परीक्षेत गुणही मिळवले होते. पण स्वयंपाकघरात हुकूम सोडताना ते पान मला आठवले नाही.

यकृतातली चरबी नेमकी कुठून येते, याचा माग २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी काढला. यकृतात मेद साचलेल्या नऊ रुग्णांना त्यांनी खुणेचे, म्हणजे ओळखता येतील असे अणू दिले आणि ते कुठे जातात ते पाहिले. यकृतातील मेदापैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून आला होता, २६ टक्के यकृताने स्वतः नव्याने घडवला होता आणि त्या दिवसांच्या आहारातील चरबीतून थेट आला होता फक्त १५ टक्के. रुग्ण थोडे होते हे खरे. पण माईच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले आकड्यांतले उत्तर होते.

आणखी एक प्रयोग सांगतो. तोही अमेरिकेतलाच, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. चयापचय बिघडलेल्या १६ प्रौढांना प्रारंभी दिवसाला केवळ ४७ ग्रॅम कर्बोदके आणि तब्बल ८४ ग्रॅम संपृक्त चरबी असा आहार दिला. मग दर तीन आठवड्यांनी कर्बोदके वाढवत ३४६ ग्रॅमपर्यंत नेली आणि संपृक्त चरबी ३२ ग्रॅमपर्यंत उतरवली. ताटातली संपृक्त चरबी निम्म्याहूनही कमी झाली, तरी रक्तातील संपृक्त मेदाम्लांत लक्षणीय फरक पडला नाही. उलट पामिटोलेइक नावाचे मेदाम्ल कर्बोदकांबरोबर चढत गेले. हे आम्ल यकृताचा मेद-कारखाना जोरात चालू असल्याची खूण मानले जाते. या मंडळींना गरजेपेक्षा थोडे कमीच खायला दिले जात होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण ताट आणि रक्त यांच्यामध्ये सरळ नळी जोडलेली नाही, मध्ये यकृत नावाचा कारखानदार बसला आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

आता रक्ताकडे वळू. १९५२ साली इंग्लंडात जेम्स आणि मार्टिन यांनी वायूच्या प्रवाहात मेदाम्ले एकेक करून वेगळी काढण्याची पद्धत शोधली. गॅस क्रोमॅटोग्राफी या नावाने ती आज ओळखली जाते. लांब नळीतून मिश्रण सोडायचे. लहान माळा आधी बाहेर पडतात, लांब माळा मागून येतात आणि कागदावर प्रत्येकीचा एक डोंगर उमटतो. १६ आणि १८ कार्बनचे उत्तुंग डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी लहानशा टेकड्या, असा तो आलेख दिसतो. त्या टेकड्यांत १५ आणि १७ कार्बनची मेदाम्ले असतात. शेव्रूलचे नाव मिळालेले, मग नाहीसे ठरलेले मार्गारिक आम्ल तेथे अल्प प्रमाणात का होईना, खरोखर नांदत होते.

या टेकड्यांचे महत्त्व २०१४ साली ठळकपणे पुढे आले. युरोपातील आठ देशांत सुमारे ३ लाख ४० हजार माणसांचे रक्त घेऊन गोठवून ठेवण्यात आले होते. पुढील वर्षांत त्यांतील १२ हजारांहून अधिक जणांना मधुमेह झाला. केंब्रिजच्या नीता फोरुही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जुने रक्त बाहेर काढले आणि मधुमेह होण्याच्या आधी त्यात कोणती संपृक्त मेदाम्ले होती, ते मोजले. एकाच आडनावाची भावंडे तीन दिशांना उभी असलेली दिसली. १४, १६ आणि १८ कार्बनची, म्हणजे सम संख्येची मेदाम्ले ज्यांच्या रक्तात अधिक होती, त्यांना मधुमेह अधिक झाला. संख्याशास्त्रातील एका प्रमाणित पायरीमागे हा धोका सुमारे ४३ टक्क्यांनी वाढलेला होता. १५ आणि १७ कार्बनची विषम मेदाम्ले अधिक असणाऱ्यांत मात्र तो तितक्याच पायरीमागे सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. आणि २० ते २४ कार्बनच्या अतिदीर्घ माळा अधिक असणाऱ्यांतही तो सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघाला. २०१८ साली निरनिराळ्या देशांतील १६ अभ्यासांची, ६३ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा विषम मेदाम्लांचा हा कल कायम राहिला.

आता प्रत्येक भावंडाची थोडी विचारपूस करू.

सम संख्येच्या गटात प्रमुख म्हणजे पामिटिक आम्ल. ते अल्प प्रमाणात आवश्यकच आहे. पेशींची पटले त्याशिवाय बनत नाहीत. पण ते स्नायूत आणि यकृतात गरजेपेक्षा जास्त साचले, की त्यापासून सेरामाइड नावाचे मेद तयार होतात. इन्शुलिन पेशीच्या दारावर येऊन साखरेसाठी कडी वाजवते. सेरामाइड वाढले, की ती हाक आतपर्यंत पोचत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते आणि अधिक इन्शुलिन यकृताला अधिक चरबी घडवायला सांगते. हे चक्र एकदा फिरू लागले, की रिपोर्टात ट्रायग्लिसराइड चढते आणि काही वर्षांनी साखर.

येथे मला एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, नाहीतर सभा संपल्यावर मंडळी थेट तुपाच्या दुकानाकडे जातील. पामिटिक आम्ल यकृत घडवते हे खरे, पण ताटातूनही ते येतेच. स्वीडनमधील उप्साला येथे ३९ तरुणांना सात आठवडे जादा खाऊ दिला. काहींचा खाऊ पामतेलात भाजलेला होता, काहींचा सूर्यफुलाच्या तेलात. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे १.६ किलो वाढले. परंतु पामतेलाच्या गटात यकृतातील चरबी कितीतरी अधिक वाढली. हा प्रयोगही २०१४ सालचाच. पुढे २०१८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी ३८ स्थूल माणसांना तीन आठवडे दररोज १००० कॅलरी जादा दिल्या. खोबरेल, लोणी आणि चीज यांतून त्या घेणाऱ्यांची यकृतातील चरबी ५५ टक्के वाढली, साखरेतून घेणाऱ्यांची ३३ टक्के आणि असंपृक्त तेले व सुकामेव्यातून घेणाऱ्यांची १५ टक्के. म्हणजे गरजेपेक्षा जास्त खायचेच ठरवले, तर संपृक्त चरबी सर्वांत वाईट आणि साखर तिच्या मागोमाग. मी माईला एक दार लावायला सांगितले ते चूक नव्हते. दुसरे दार सताड उघडे राहिले, हे मला दिसले नाही, ती चूक होती.

स्टिअरिक आम्लाची गोष्ट निराळी. अमेरिकेचे अँसेल कीज हे संपृक्त चरबीचे कडक टीकाकार होते. पण खुद्द त्यांनीच १९६५ साली मांडलेल्या सूत्रातून स्टिअरिक आम्ल वगळले, कारण खाल्लेले स्टिअरिक आम्ल कोलेस्टेरॉल वाढवत नाही असे त्यांना आढळले. शरीर त्यातील काही भागाचे ऑलिव्हच्या तेलातील ओलेइक आम्लात रूपांतर करते. तरीही रक्तात स्टिअरिक आम्ल जास्त असणाऱ्यांना मधुमेह अधिक झाला, हे आपण आताच पाहिले. खाल्लेले आणि रक्तात सापडलेले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

आता विषम भावंडे. गाई-म्हशींच्या पोटातील जंतू तीन कार्बनचे प्रोपिऑनिक आम्ल तयार करतात. माळेची सुरुवात दोनाऐवजी तीन मण्यांनी झाली, की शेवटची संख्या विषम येते. म्हणून दुधातुपात १५ आणि १७ कार्बनची मेदाम्ले थोडी असतात, आणि रक्तात ती सापडली की हा माणूस दूधदुभते खातो, असे अनुमान काढण्याची पद्धत पडली. परंतु यात एक गंमत आहे. दुधात १५ चे प्रमाण १७ च्या सुमारे दुप्पट असते, रक्तात नेमके उलट, १७ चे १५ च्या दुप्पट. म्हणजे १७ पैकी बराच भाग शरीर स्वतः घडवत असले पाहिजे. चोथायुक्त अन्न मोठ्या आतड्यात पोचते, तेव्हा आपल्याही पोटातले जंतू प्रोपिऑनिक आम्ल बनवतात. माणसांना इन्युलिन नावाचा चोथा दिल्यावर रक्तातील विषम मेदाम्ले वाढल्याचे २०१७ साली दाखवले गेले. तेव्हा हा टेकडीएवढा डोंगर दुधाची खूण आहे, चोथ्याची खूण आहे, की निरोगी यकृताची खूण आहे, याचा निवाडा पूर्ण झालेला नाही. असे असूनही १५ कार्बनच्या मेदाम्लाच्या कुप्या परदेशात विकल्या जाऊ लागल्या आहेत. खुणेला औषध समजण्याची ही घाई आहे. घरात दिवा लागलेला दिसला की माणसे जागी आहेत असे आपण समजतो. पण म्हणून रिकाम्या घरात दिवा लावला, तर तेथे माणसे येत नाहीत.

तिसरी भावंडे म्हणजे अतिदीर्घ माळा, आणि येथे आपल्या परसातली नावे भेटतात. २० कार्बनच्या आम्लाला अरॅकिडिक म्हणतात. भुईमुगाचे शास्त्रीय नाव अरॅकिस, त्यावरून ते आले. २२ कार्बनचे बेहेनिक आम्ल ज्या बेन तेलावरून ओळखले गेले, ते शेवग्याच्या बियांचे तेल. शेंगदाण्याच्या तेलात २०, २२ आणि २४ कार्बनची ही आम्ले मिळून सुमारे पाच टक्के असतात. हीदेखील सेरामाइडांत जाऊन बसतात. पण या लांब माळांची सेरामाइडे १६ कार्बनवाल्या सेरामाइडांइतकी उपद्रवी नसावीत, असे दिसून येते. यांतील बराचसा माल शरीर स्वतःच स्टिअरिक आम्लाची माळ लांबवून करते. म्हणून उद्यापासून शेवग्याच्या शेंगांवर मोर्चा नेण्याचे कारण नाही. मूठभर शेंगदाणे मात्र कुणी आवडीने खात असेल, तर त्याला अडवू नये.

आणि आता ज्याची सर्व जण वाट पाहत आहेत, तो नारळ. खोबरेलाच्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. केंब्रिजमध्ये ५० ते ७५ वयाच्या ९१ निरोगी माणसांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्हचे तेल दिले. लोण्याने वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढले, खोबरेलाने ते ऑलिव्हपेक्षा अधिक वाढले नाही. हा अहवाल २०१८ सालचा. तो वाचून नारळवादी मंडळी आनंदली. पण २०२० साली १६ प्रयोग एकत्र पाहण्यात आले, तेव्हा इतर वनस्पतितेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढवल्याचे दिसले. तात्पर्य, खोबरेल अमृत नाही आणि विषही नाही. शिवाय तेल वेगळे आणि आपल्या हुमणातला खवलेला नारळ वेगळा. नारळात चोथा असतो, त्याबरोबर मासळी असते. आपण चर्चा नारळाची करतो, ताटातला भाताचा डोंगर मात्र कुणाच्या नजरेस येत नाही.

तो डोंगर भारतीय माणसाला विशेष जड का जातो, याचे एक उत्तर पुण्याहून आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो अंक असतो, तो दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त, अशी आपली घडण. त्वचेखालचे कोठार लवकर भरते आणि उतू जाणारा माल यकृतात जातो. त्यात आपल्या अन्नाची रीत पाहा. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याच पाहणीत असेही दिसले, की त्यांतील थोड्या वाट्याची जागा डाळी, कडधान्ये किंवा दूध-दह्यातील प्रथिनांना दिली, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे आढळते.

मग करावे काय? मेदाम्लांची ही तपासणी तुमच्या-आमच्या रोजच्या प्रयोगशाळेत होत नाही, आणि तिची गरजही नाही. तुमच्या हातातल्या साध्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड चढलेले असेल, आणि कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकलेला असेल, तर कारखाना जादा पाळीत चालला आहे असे समजा. अशा वेळी फक्त तुपाच्या भांड्याकडे बोट दाखवू नका. भाताची मूद, चहातली साखर, बिस्किटांचा डबा आणि संध्याकाळचा पेला यांचीही चौकशी करा. जेवणानंतर थोडे चाला, कारण स्नायूने साखर उचलली, तर यकृताला तिची चरबी करावी लागत नाही. एलडीएल वाढलेले असेल, तर तूप, लोणी, खोबरेल यांवर हात आखडता घ्याच. तो सल्ला रद्द झालेला नाही. घरात पूर्वी कुणाला हृदयविकार झाला असेल, त्यांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये. आणि एक विनंती, घरातून एखादा पदार्थ हद्दपार करताना त्याच्या जागी काय येणार, हे आधी विचारा. मी ते विचारले नव्हते.

माई आज नाही. मधुमेह पुढे तिच्या डोळ्यांवर गेला आणि वाचनाची अतोनात आवड असलेल्या त्या बाईला शेवटची सहा वर्षे कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागले. याच ग्रंथालयातून मी तिच्यासाठी पुस्तके नेत असे आणि रविवारी बसून वाचून दाखवत असे. एका रविवारी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि तिला सांगितले, "माई, तू चोरून काही खाल्लं नव्हतंस. ती चरबी तुझ्या यकृतानं भातापावातून केली होती. चूक माझी होती." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं रे, मी खाल्लं नव्हतं ते. आता पुढचं पान वाच."

त्या दिवसापासून कुणाचाही रिपोर्ट हाती घेतला, की मी त्याला आरोपीसारखे विचारणे सोडले. आधी विचारतो, सकाळपासून रात्रीपर्यंत ताटात काय काय असते ते सांगा. माणूस सांगतो, मी ऐकतो. बहुतेक वेळा उत्तर तेथेच मिळते.

कार्यक्रमानंतर चहाची व्यवस्था आहे असे समजते. बिस्किटे किती घ्यावयाची, ते ज्याने त्याने ठरवावे.